हरिणांचें कुल आणि उपकुल

वाचकहो, विवाहाच्या बोलण्यांत आपण आधीं कुल-गोत्र विचारतों व रूप मागाहून पाहतों. प्राण्यांविषयीं मात्र आपला क्रम उलटा. सडपातळ अंग आणि डोक्यावर शिंगें दिसलीं कीं ‘हरिण’ म्हणून मोकळे होतों. ही चूक मीं स्वतः केली आहे आणि तिचें फळ एका विद्यार्थ्याला भोगावें लागलें.

बुलढाणा-खामगांव रस्त्यावर बोथ्याचें जंगल लागतें. तेथील ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें. त्यापूर्वींची ही गोष्ट. जंगलालगतच्या गांवचा एक मुलगा माझ्या वर्गांत होता. हरिणांचीं नांवें विचारलीं असतां त्यानें सांबर, चितळ व भेकर एवढींच लिहिलीं आणि खालीं पुस्ती जोडली : “रोही व चौशिंगा हीं हरिणें नव्हेत, त्यांचीं शिंगें झडत नाहींत.” अमरकोशांतील मृगांची लांबलचक नामावळी मला मुखोद्गत! मीं त्या ओळीवर तांबडी रेघ ओढली व दोन गुण कापले.

निवृत्तीनंतर प्राणिशास्त्राचीं पुस्तकें चाळतांना उमगलें कीं मुलाचेंच बरोबर होतें. हरिणाचें शिंग म्हणजे भरीव हाड. तें झडतें व मखमली कातड्याखालीं पुन्हा वाढतें. आपल्याकडील हरिणांत तें नरालाच असतें. रोही म्हणजे नीलगाय, चौशिंगा, चिंकारा व काळवीट हीं मात्र गाई-शेळ्यांच्या कुलांतलीं. त्यांच्या शिंगाला हाडाचा गाभा व वर पोकळ आवरण असतें. तें जन्मभर टिकतें.

कुल असें ठरलें, तरी उपकुल शिंगांवरून ठरवूं गेल्यास फसगत होते. १८७८ सालीं सर व्हिक्टर ब्रूक या पंडितानें हरिणांच्या पुढील पायांचीं हाडें तपासलीं. मधल्या मोठ्या हाडाच्या दोहों बाजूंस, झिजत गेलेल्या बोटांच्या हाडांचे अवशेष असतात. कांहीं हरिणांत त्यांचें गुडघ्याकडील टोंक उरतें, कांहींत खुराकडील. पहिलें उपकुल सांबर-चितळांचें; दुसऱ्यांत यूरोपांतील रो हरिण, उत्तरेकडील रेनडिअर व अमेरिकेंतील बहुतेक हरिणें येतात. अलीकडे डीएनएच्या परीक्षेनेंहि हीच विभागणी पुष्ट केली.

भेकराची कथा बोधप्रद आहे. केसाळ हाडाच्या उंच बैठकीवर आखूड शिंगें आणि नराच्या वरच्या जबड्यांत बाहेर आलेले सुळे, या आगळ्या रूपामुळें त्याला दीर्घकाळ स्वतंत्र उपकुल दिलें जाई. आतां तें सांबराच्याच उपकुलाची एक शाखा मानलें जातें. उलटपक्षीं, चीनमधील जलहरिणाला शिंगेंच नसतात. म्हणून त्याचेंहि घर वेगळें मांडलें होतें. तें आतां रो हरिणाच्या घरांत गेलें. रूपानें दुरावलेले हाडानें जवळचे निघाले.

तात्पर्य, आपल्या जिल्ह्यांतील तिन्हीं खरीं हरिणें एकाच उपकुलाचीं. सुटींत मुलांना घेऊन बोथ्याकडे गेलांत, तर शिंग झडतें कीं टिकतें हें गुराख्यांना अवश्य विचारावें; मात्र अभयारण्यांतून कांहीं उचलूं नये.

माझ्या त्या विद्यार्थ्यानें ना अमरकोश पाहिला होता, ना ब्रूक. त्यानें जंगल पाहिलें होतें. आज त्यानें चाळिशी ओलांडली असेल. हें पान त्याच्या दृष्टीस पडल्यास, ते दोन गुण मीं परत केले असें त्यानें समजावें.