चकाकते ते सारे ग्लेझ!

गाडीला नवा रंग दिला की मालकाचं वय दहा वर्षांनी कमी होतं आणि बँकेतली शिल्लक त्याहूनही वेगाने कमी होते. माझ्या मारुती ८००चं असंच झालं. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ सालीच थांबवलं, पण मी काही तिला सेवानिवृत्त करायला तयार नव्हतो. गंज काढला, पुट्टी भरली, आणि सौ.च्या आग्रहाने गर्द निळा रंग दिला.

गाडी ताब्यात मिळाली ती संध्याकाळी, गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली. गाड्या नेहमी संध्याकाळीच का देतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. रंगारी म्हणाला, "साहेब, आरसा हाय आरसा! भांग पाडून पाहा!" भांग पाडण्याइतके केस माझ्या डोक्यावर उरलेले नाहीत, तरी मी कंगवा फिरवला आणि पैसे मोजले.

यवतमाळात गाडी न धुता ठेवायची सोय नाही. इथल्या काळ्या मातीचं गाडीवर फार प्रेम. तीन आठवड्यांत तीनदा धुतली आणि एका रविवारी दहाच्या उन्हात पाहतो, तर अख्ख्या बॉनेटवर कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल ओरखडे! तसाच गॅरेजात गेलो. रंगाऱ्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय दुखावल्या स्वरात म्हणाला, "धुतली काहून साहेब तुम्ही?"

माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

त्याचं असं आहे. नव्या रंगाला आधी खरखरीत कंपाउंडने घासायचं आणि मग बारीक पॉलिशने पहिल्या घासणीचे ओरखडे काढायचे. हा दुसरा हप्ता वेळखाऊ. तो बुडवला की मशीनच्या पॅडचे वर्तुळाकार ओरखडे तसेच राहतात. मग वरून ग्लेझ येतं. ग्लेझ ओरखडा काढत नाही. त्यातलं तेल आणि बारीक भुकटी त्या खाचांत जाऊन बसते, उजेड विखुरत नाही आणि आपल्याला वाटतं, वा! चार धुण्यांत भुकटी निघून जाते. ओरखडे कुठेच गेलेले नसतात, ते फक्त रजेवर असतात.

आम्हा बँकवाल्यांना हा प्रकार नवा नाही. आमच्याकडे त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. ३१ मार्चला ठेवींचा आकडा असा चकाकतो की भांग पाडावा, आणि एप्रिल उजाडला की ठेवी आल्या वाटेने परत जातात. पण निदान आमच्याकडे ऑडिटर येतो. गाडीचा ऑडिटर कोण? आपणच, आणि तेही ट्यूबलाइटखाली!

कोणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाडीचं काय घेऊन बसलात? अहो, जुनी गाडी म्हणून पैसे कमी घेतले होते का?

आता गैरसमज नको. मी ग्लेझचा शत्रू नाही. उलट, भट्टीत न वाळवलेला नवा रंग वरून सुकला तरी आतला सॉल्व्हंट काही आठवडे बाहेर पडत असतो. त्याचा श्वास कोंडू नये म्हणून त्यावर लगेच मेणाचा किंवा सिलिकॉनचा थर देत नाहीत. त्या काळात मेण-सिलिकॉन नसलेलं ग्लेझ चालतं. माझं म्हणणं एवढंच, की ग्लेझ गॅरेजवाल्याने गाडी देण्याआधी लावू नये. मालकाने, गाडी उन्हात नीट पाहून घेतल्यावर, स्वतःच्या हाताने लावावं. नवरीने पावडर लावली तर तो शृंगार. मुलगी दाखवताना मध्यस्थाने थापली तर ती फसवणूक.

आणि हातानेच का? आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप-लोणी चोळतो, स्वतःच्या हाताने. जूने कुठे घासलं, कुठे गाठ आली, हे त्या हाताला कळतं. शिंगं रंगवायची ती दुसऱ्या दिवशी. आधी खांदा, मग रंग. शिवाय बाजारात बैल घेताना शिंगांचा रंग कोणी पाहत नाही, दात मोजतात. आपण शिकलेली माणसं तेवढी शिंगांवर भाळतो.

बरीच घासाघीस करून मी तो बुडालेला हप्ता वसूल केला. पॉलिश पुन्हा झालं, माझ्यासमोर, भर दिवसा. मग एका रविवारी, सावलीत, पत्रा गार असताना, मऊ कापडावर चार थेंब घेऊन हातभर जागेत हलक्या हाताने ग्लेझ लावलं. वाळून धुरकट झालं की दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुसायचं आणि पुढे सरकायचं. दुपारपर्यंत गाडी झाली आणि माझा खांदा गेला.

डाव्या दरवाजावर बोटांना एक खडबडीत डाग लागला. डोळ्यांना तो आजवर दिसला नव्हता. मी तो तसाच ठेवला. सौ. बाहेर येऊन म्हणाली, "अहो, छान चमकतेय की!"

म्हटलं, "चमकू दे. आत काय आहे ते मला ठाऊक आहे."

"गाडीचं ना?" तिने विचारलं आणि माझ्या खांद्याला तूप-हळद आणायला आत गेली.