हात हलवा, घड्याळ चालवा!

जुनं घड्याळ मनगटावर मिरवणं सध्या एकदम 'इन' आहे, बॉस! 'मोबाइल असताना घड्याळ कशाला?' असं विचारणारे माझे मित्रसुद्धा हल्ली आजोबांची कपाटं उचकताना सापडतात. तोच किडा मलाही चावला आणि मी आईच्या कपाटातून बाबांचं सिको फाइव्ह बाहेर काढलं. मामाने दुबईहून आणलेलं. खिडकीत वार इंग्रजीत, किल्ली फिरवली की अरबीत! मागच्या झाकणावरच्या नंबरातला पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा. त्यावरून कळलं, हे जून १९८४ चं. म्हणजे माझ्याहून चांगलंच सीनियर.

तीन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. डावा हात लुळा पडला. पुढच्या काही दिवसांत घड्याळही रुसलं. हलवलं की चालू, सकाळी परत बंद. 'त्याचंही वय झालं,' म्हणत बाबांनी ते काढून ठेवलं. आम्ही त्यांना सेलवरचं आणून दिलं. विषय संपला.

लक्ष्मी रोडजवळच्या एका बोळात घड्याळवाले काका बसतात. मी ऑर्डर सोडली, 'डायल नवीन करा, केस चकाचक पॉलिश करा.' काकांनी डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाले, 'रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाडी येतात, जाणकार लांबून ओळखतो. पॉलिशने केसच्या धारा जातात, त्या परत येत नाहीत. आधी मशीन बघू.'

झाकण उघडलं तर आत अर्धचंद्रासारखं एक वजन. हा रोटर. आपला हात हलला की तो गोल फिरतो आणि आतली स्प्रिंग गुंडाळत जातो. रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, स्प्रिंग भरतेच. त्यासाठी सिकोने १९५९ मध्ये दोन नख्यांची एक छोटी पट्टी आणली, 'मॅजिक लिव्हर' नावाची. आमच्या ७००९ मशीनला हाताने किल्ली देण्याची सोयच नाही. हात हलला तरच पोटात काहीतरी जाणार!

काकांनी विचारलं, 'कोण घालायचं? कुठल्या हातात?'

मी सांगितलं. ते क्षणभर थांबले. 'मग बंदच पडणार ना. तेल वाळलंय हे खरं, पण घड्याळाचा दोष अर्धाच आहे.'

मला एकदम कसंतरीच झालं. तीन वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

काकांनी मशीन पूर्ण सुटं केलं, एकेक चाक धुतलं, सुईच्या टोकाएवढं तेल खड्यांवर सोडलं, स्प्रिंग आणि झाकणाचं रबर बदललं. मग टायमिंग मशीनवर ठोके ऐकले. तासाला २१,६०० पडायला हवेत! डायलवरचा चारजवळचा डाग तसाच ठेवला. तुम्हीही जुनं घड्याळ सर्व्हिसिंगला देणार असाल तर दोन गोष्टी आधीच ठरवा: डायलला हात लावायचा नाही आणि बदललेले पार्ट परत घ्यायचे. आणि हो, नंतर ते पाण्यापासून लांबच ठेवा.

घरी आल्यावर मी घड्याळ बाबांच्या उजव्या हातात बांधायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. 'डाव्यात बांध.'

'बाबा, त्यात बंद पडेल ते.'

'पडू दे. कळेल तरी.'

फिजिओथेरपीला टाळाटाळ करणारे बाबा आता रोज सकाळी गॅलरीत बसतात आणि उजव्या हाताने डावा उचलून झुलवतात. मध्येच उजवा सोडून बघतात. घड्याळ कधी बंद पडलं ते कॅलेंडरवर लिहितात. सोमवारी रात्री नऊ. बुधवारी पावणेबारा. काल सकाळी मी उठले तेव्हा ते चालू होतं, पण दहा मिनिटं मागे.

'स्लो आहे,' मी म्हटलं.

'रात्री थांबलं होतं,' बाबा म्हणाले. 'कूस बदलली, तेव्हा परत सुरू झालं.'

व्हिंटेज घड्याळ घालायची माझी हौस? ती तूर्तास वेटिंग लिस्टवर आहे.