वसविले की बळकावले?

पेरू देशाची राजधानी लिमा पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती जी इतिहासपुस्तिका पडते, तिचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: १८ जानेवारी १५३५ रोजी फ्रान्सिस्को पिझारो याने हे शहर वसविले. यातील ‘वसविले’ या शब्दावरच आमचा आक्षेप आहे.

पिझारो आला तेव्हा रिमाक नदीचे खोरे काही ओसाड नव्हते. पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या त्या किनाऱ्यावर नदीचे पाणी पाटांनी शेतोशेती खेळविलेले होते. त्यांपैकी सुर्कोचा पाट आजही वाहतो. तेथे तावलीचुस्को नावाच्या सरदाराचा अंमल होता. दक्षिणेस पाचाकामाक येथे देवाचा कौल घेण्यास दूरदूरचे यात्रेकरू येत. डोंगरातील हाउहा येथील राजधानी पिझारोने इकडे हलविली, ती तयार पाणी, पिकती शेते, राबणारे हात आणि जवळच बंदर, हे सारे आयते मिळाले म्हणून. भरल्या घरात शिरणाऱ्याला घर बांधणारा म्हणण्याची रीत आमच्या भाषेत तरी नाही. त्याने शहरास ‘राजांचे नगर’ असे नाव दिले. लोकांच्या तोंडी राहिले ते मात्र ‘रिमाक’वरून आलेले ‘लिमा’च.

यावर कोणी म्हणेल की, भव्य चर्चे, कोरीव लाकडी सज्जे, १५५१ साली स्थापन झालेले सान मार्कोस विद्यापीठ, ही सारी पिझारोनंतरचीच ना? आहेत, आणि ती अवश्य पाहावीत. परंतु मिराफ्लोरेस भागातील वाका पुक्याना हे मातीच्या विटांचे प्राचीन देवस्थानही पाहावे. फडताळात पुस्तके लावावी तशा उभ्या विटा, मध्ये फटी ठेवून, तेथे रचल्या आहेत. भूकंपाच्या त्या भूमीत ही रचना हजारावर वर्षे टिकली. स्पॅनिश लिमा मात्र २८ ऑक्टोबर १७४६ च्या भूकंपात जमीनदोस्त झाली. मग भूमीची जाण कोणास अधिक होती?

ठरीव कथेवर विसंबण्याचे फळही लिमाने भोगले आहे. तेथील मुख्य चर्चमध्ये अनेक दशके एक वाळलेले शव पिझारोचे म्हणून दाखविले जात असे. १९७७ साली दुरुस्तीच्या वेळी त्याच्या नावाची शिशाची पेटी सापडली, तीत कवटी निघाली, आणि ते शव भलत्याच कोणाचे असल्याचे तज्ज्ञांनी ठरविले. तोवर किती प्रवाशांनी त्या अनोळखी मृतापुढे टोपी काढली असेल!

पिझारोच्या पुतळ्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९३५ मध्ये तो चर्चसमोर बसला, १९५२ मध्ये बाजूस सरला, २००३ मध्ये चौकातून गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चौकाजवळ आला. ज्याला कोठे उभे करावे हे नगरीलाच ठरविता येत नाही, त्याला पुस्तिकेने मात्र निःशंकपणे जनक ठरवावे, हे नवल नव्हे काय? तावलीचुस्कोच्या स्मरणार्थ १९८५ साली तेथेच एक शिळा उभारली गेली. इतिहासाचा आरंभ तिच्यापाशी व्हावयास हवा.

आम्ही नोकरीनिमित्त परमुलखी राहणारी माणसे. बदलीच्या गावाची पहिली ओळख आम्हांस गॅझेटियरमधून होते, आणि त्यातही गावाचा जन्म पुष्कळदा छावणी पडली किंवा कचेरी उघडली त्या दिवशी होतो. घरी आलेल्या पाहुण्यास गाव दाखविताना आम्ही तेच सांगतो. तेव्हा लिमाच्या वाटाड्यास हसण्यापूर्वी, आपल्या बदलीच्या गावी पहिला पाट कोणी खणला, एवढे तरी आम्ही विचारले आहे काय?