प्रश्नपत्रिका मराठीत, पाठ्यपुस्तक मात्र नाही
दिल्लीतील ऑनर्स प्रवेश आणि महाराष्ट्र मंडळाचा विद्यार्थी

नवी दिल्ली : ऑक्टोबर 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांची पहिली कट-ऑफ यादी जाहीर झाली, तेव्हा श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समधील बी.कॉम. ऑनर्स आणि अर्थशास्त्र ऑनर्स या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के गुणांची अट होती. अन्य काही महाविद्यालयांतील निवडक अभ्यासक्रमांचीही हीच स्थिती होती. हिंदू महाविद्यालयात राज्यशास्त्र ऑनर्सच्या जागांपेक्षा कितीतरी अधिक विद्यार्थी या अटीत बसले आणि त्यांत केरळ मंडळाच्या विद्यार्थ्यांचा भरणा होता. त्या विद्यार्थ्यांचा यात काडीमात्र दोष नव्हता. त्यांना मिळालेले गुण त्यांच्या मंडळाने दिले होते. मात्र प्रत्येक मंडळाची गुण देण्याची पद्धत वेगळी असताना सर्वांना एकाच फूटपट्टीने मोजणे निरर्थक झाले आहे, हे त्या वर्षी उघड झाले.

पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षा म्हणजेच सीयूईटी आली. राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) ती घेते. सध्याच्या रचनेत एका विषयाची प्रश्नपत्रिका पन्नास प्रश्नांची आणि साठ मिनिटांची असते. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र किंवा इतिहास ऑनर्ससाठी एक भाषा आणि तीन विषय अशा चार प्रश्नपत्रिकांचे मिळून 1000 गुण धरले जातात. नामांकित महाविद्यालयांत खुल्या प्रवर्गातून जागा मिळवायची तर त्यांपैकी 900च्या पुढे मजल मारावी लागते. बारावीचे गुण आता पात्रतेपुरते आणि दोघांचे गुण समान झाल्यास निवाडा करण्यापुरते उरले आहेत.

सढळ हाताने गुण देणाऱ्या मंडळाचा लाभ या परीक्षेने संपवला, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्या जागी दुसरा लाभ उभा राहिला आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. परीक्षेचा विषयवार अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. केंद्रीय मंडळाचा विद्यार्थी हीच पुस्तके वर्षभर वर्गात शिकतो. महाराष्ट्र मंडळाचा विद्यार्थी बालभारतीची पुस्तके शिकतो.

इतिहासाचे उदाहरण बोलके आहे. बालभारतीचे बारावीचे पुस्तक युरोपातील प्रबोधनापासून सुरू होते. वसाहतवाद, वसाहतवाद आणि मराठे, सामाजिक सुधारणा, महायुद्धे, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध असा त्याचा प्रवास आहे. एनसीईआरटीचे बारावीचे पुस्तक हडप्पा संस्कृतीपासून निघते आणि महाजनपदे, प्रवासवर्णने, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकालीन कृषिव्यवस्था, 1857 या मार्गाने संविधानसभेपर्यंत पोहोचते. वसाहतकाळ आणि स्वातंत्र्यलढा हा दोहोंतील सामाईक भाग. बाकी दोन पुस्तके जणू दोन वेगळ्या विषयांची आहेत. प्राचीन भारत महाराष्ट्राचा विद्यार्थी अकरावीत शिकलेला असतो खरा, पण वेगळ्या मांडणीत आणि वेगळ्या तपशिलांसह. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची परीक्षा संपवून मे महिन्यात सीयूईटीला बसणाऱ्या मुलीला मधल्या अवघ्या काही आठवड्यांत इतिहासाचे नवे पुस्तक पचवायचे असते. राज्यशास्त्रातही हीच तऱ्हा आहे. वाणिज्य आणि विज्ञान शाखांत अंतर कमी आहे, कारण लेखाशास्त्राचे किंवा भौतिकशास्त्राचे मूलभूत घटक सर्वत्र सारखेच असतात. सर्वाधिक झळ बसते ती कला शाखेला, आणि ग्रामीण भागातील मराठी माध्यमाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने याच शाखेत असतात.

सीयूईटी तेरा भाषांत होते आणि मराठी त्यांपैकी एक आहे. प्रश्नपत्रिका मराठीतून मागता येते. मात्र ज्या पुस्तकांतून प्रश्न निघतात, ती पुस्तके एनसीईआरटी प्रामुख्याने इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत प्रकाशित करते. त्यामुळे तयारी हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकातून करायची आणि उत्तरे मराठी प्रश्न वाचून द्यायची, अशी दुहेरी कसरत या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. पारिभाषिक शब्द ओळखण्यात गेलेली काही सेकंदेही महागात पडतात. एका प्रश्नामागे सव्वा मिनिटाहून कमी वेळ असतो. ही पुस्तके मराठीत आणणे हे काम अशक्य कोटीतले नाही. पाठ्यपुस्तकांचा दीर्घ अनुभव असलेली संस्था महाराष्ट्राकडे आहे. प्रश्न कोणी पुढाकार घेण्याचा आहे.

या व्यवस्थेत मराठी विद्यार्थ्याच्या बाजूची एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. चार प्रश्नपत्रिकांपैकी भाषेची प्रश्नपत्रिका इंग्रजीचीच हवी, असे बंधन या अभ्यासक्रमांना नाही. बारावीला मराठी विषय असलेला विद्यार्थी मराठीची प्रश्नपत्रिका देऊ शकतो आणि तिचे 250 गुण इंग्रजीइतक्याच वजनाने, म्हणजे एकूण गुणांच्या चौथ्या हिश्शाने, धरले जातात. दिल्लीला जायचे म्हणून सवयीने इंग्रजीची पेटी टिकवणाऱ्यांनी हा निर्णय एकदा तपासून पाहावा. अर्थात प्रवेशानंतरचे अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीत आणि काही ठिकाणी हिंदीत असते, याची जाणीव ठेवूनच.

गुण हाती आल्यानंतरचा टप्पाही तितकाच निर्णायक आहे. दिल्ली विद्यापीठात 69 महाविद्यालयांत पदवीच्या सुमारे 71 हजार जागा आहेत आणि विद्यार्थ्याने अभ्यासक्रम व महाविद्यालय यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम भरायचा असतो. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर विद्यार्थी पुढील फेऱ्यांतून बाद होतो. स्वीकारून वरच्या पसंतीसाठी थांबता येते. पण मिळालेल्या जागेच्या खालच्या सर्व पसंती त्याच क्षणी रद्द होतात. त्यामुळे ‘राज्यशास्त्र महत्त्वाचे की हिंदू महाविद्यालय महत्त्वाचे’ या प्रश्नाचे उत्तर यादी भरण्यापूर्वीच घरात ठरलेले असावे लागते. वसतिगृहे थोड्याच महाविद्यालयांत आहेत, आणि भाड्याच्या खोलीचा खर्च अनेकदा शुल्कापेक्षा जड जातो. हा हिशेबही त्याच यादीत डोकावतो.

वेळापत्रक आणखी एक पेच निर्माण करते. 2025 मध्ये महाराष्ट्राचा बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला, तर सीयूईटीचा 4 जुलै रोजी. या दोन महिन्यांत राज्यातील चांगल्या महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या लागतात. दिल्लीची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला इथली जागा सोडणे परवडत नाही आणि ती धरून ठेवायची तर शुल्क भरावे लागते.

आता घराजवळही ऑनर्स मिळणार असताना इतकी यातायात का करावी, असा प्रश्न पालक विचारू लागले आहेत. तो रास्त आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून चार वर्षांची रचना लागू झाली. तिथे तिसऱ्या वर्षानंतर साधी पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स मिळते. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. दिल्लीत चाळणी प्रवेशद्वारावरच लागते, महाराष्ट्रात ती तीन वर्षांनी लागेल. मात्र चौथे वर्ष चालवण्याइतके प्राध्यापक आणि संशोधन मार्गदर्शक किती महाविद्यालयांकडे असतील, याची कसोटी संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी 2027 मध्ये तिथे पोहोचेल तेव्हा लागेल. दिल्लीची 2022ची तुकडी 2025 मध्येच त्या वर्षात दाखल झाली.

ज्यांचा निर्धार दिल्लीचाच आहे, त्यांच्यासाठी खरी निवड अकरावीच्या प्रवेश अर्जात होते. दिल्ली विद्यापीठ सर्वसाधारणपणे बारावीला घेतलेल्या विषयांतीलच सीयूईटी गुण ग्राह्य धरते, आणि अर्थशास्त्र ऑनर्सला गणित अनिवार्य आहे. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेचे असंख्य विद्यार्थी अकरावीला गणिताऐवजी सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेतात. लेखाशास्त्राच्या बळावर बी.कॉम. ऑनर्सचा मार्ग त्यांना खुला राहतो. अर्थशास्त्राचा मार्ग वयाच्या सोळाव्या वर्षी बंद झालेला असतो आणि ते त्यांना कळते दोन वर्षांनी, अर्ज भरताना.