मुलाचा रक्तगट वेगळा निघाला म्हणून

शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहायचा असतो. त्यासाठी दरवर्षी जूनमध्ये मुलं लॅबचे कागद घेऊन येतात, आणि दरवर्षी एखाद्या घरात त्या कागदावरून कुजबुज सुरू होते. यंदा नई जिंदगी भागातल्या एक अम्मी आमच्याकडे आल्या. नवरा ए, त्या स्वतः बी, मुलगा मात्र ओ. सासूबाईंनी उघड आरोप केला नव्हता, पण "आपल्या खानदानात ओ कुणाचाच नाही" असं दोनदा बोलून झालं होतं.

आम्ही त्यांना वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून दाखवल्या. रक्तगटाच्या दोन चिठ्ठ्या प्रत्येकाजवळ असतात, एक अम्मीकडून आलेली, एक अब्बांकडून. ए आणि बी या बोलक्या चिठ्ठ्या, ओ ही मुकी. ज्याच्याजवळ ए आणि ओ आहे त्याचा रक्तगट ए असाच लागतो. ओ मागे दडून राहते, पिढ्यान्‌पिढ्या. नवऱ्याने दडलेली ओ दिली, बायकोनेही दडलेली ओ दिली, की मूल ओ. असे ए आणि बीचे आईबाप असतील तर चारही गटांची मुलं होऊ शकतात. पॉझिटिव्ह आईबापाला निगेटिव्ह मूल होतं तेही असंच.

शाळेच्या पुस्तकात पुढे दोन नियम येतात. आईबाप दोघेही ओ असतील तर मूल ओच. दोघांपैकी एक एबी असेल तर मूल ओ होत नाही. इथे लोक फसतात, कारण या नियमांनाही अपवाद आहे, आणि तो आपल्या मुंबईतच सापडला.

1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या काही माणसांच्या रक्ताविषयी लिहिलं. साध्या तपासणीत ते ओसारखं दिसे, पण ओ रक्तही त्याला चालत नसे. कारण असं की ए किंवा बी चढवण्याआधी रक्तपेशीवर एच नावाचा पाया लागतो. हा पाया घालणाऱ्या दोन्ही चिठ्ठ्या बिघडलेल्या असतील तर पायाच पडत नाही. मग ए किंवा बीची चिठ्ठी जवळ असूनही ती दिसत नाही, आणि लॅबचा कागद 'ओ' सांगतो. जगभर याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. अशा बाईचा नवरा खराखुरा ओ असला तरी तिचं मूल ए किंवा बी निघू शकतं. एबी बापाचं मूल याच कारणाने 'ओ' दिसू शकतं. दोन्हीकडे बाईवर तोहमत घ्यायला कागद तयार! सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत. लॅबची चिठ्ठी त्या चौघांतली एकही नाही. (मुलगीच का झाली, हा दोषही बायकांच्याच माथी. मुलगा की मुलगी हे ठरवणारं गुणसूत्र तर अब्बांकडून येतं.)

म्हणून शंका आली तर आधी रक्तपेढीत पुन्हा तपासून घ्यावं. शिबिरात घाईने केलेल्या तपासणीत चूक होऊ शकते. रक्तपेढीत पेशींबरोबर सीरमही तपासतात. बॉम्बे गट तिथेच पकडला जातो.

हा गट आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा. चुलत, मामे, मावस नात्यात निकाह होतात तिथे तो निघण्याची शक्यता वाढते, कारण एकाच दादा-नानाची बिघडलेली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी येऊ शकते. मामाची मुलगी करण्याची रीत सोलापूरकडच्या हिंदू घरांतही आहे, तेव्हा ही गोष्ट एकट्या आपल्या समाजाची नाही.

खरी भीती ऑपरेशनच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी. अशा माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. ओ रक्ताच्या शंभर पिशव्या असल्या तरी उपयोग नाही, उलट जिवावर बेतेल. सख्ख्या भावंडांत तोच गट निघण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून घरात एक सापडला की सगळ्या भावंडांची तपासणी लगेच करावी. ओळखपत्रावर नुसतं 'ओ' न लिहिता 'बॉम्बे' असं स्पष्ट लिहावं, आणि मागच्या बाजूला त्या गटाच्या भावाबहिणीचा फोन नंबर.