राहुटीची पाटी आणि वार्षिकाचे मुखपृष्ठ

महाविद्यालयीन वार्षिकांची मुखपृष्ठे एका रांगेत मांडून पाहिली, तर ती वेगवेगळ्या गावांतून आली आहेत यावर विश्वास बसणे कठीण जाते. उगवता सूर्य, उघडे पुस्तक, त्यातून उडणारे पक्षी, एक टोकदार लेखणी, कोपऱ्यात पृथ्वीचा गोल. अलीकडे त्यांत यंत्रमानवाच्या हाताची आणि निळसर प्रकाशरेषांची भर पडली आहे, इतकेच. आत मात्र गाव असते. पडलेल्या बाजारभावावरची कविता असते, ऊसतोडीला गेलेल्या वर्गमित्रावरचा लेख असतो, आजीच्या ओव्या उतरवून घेण्याचा एखादा प्रामाणिक प्रयत्न असतो. मुखपृष्ठ आणि मजकूर यांची एकमेकांशी ओळखच करून दिलेली नसते.

याचे कारण विद्यार्थ्यांच्या अंगी कला नसते हे नव्हे. कारण कामाच्या क्रमात आहे. वार्षिकाचे संपादन बहुधा मराठीच्या प्राध्यापकांकडे येते. ते लेख जमवतात, शुद्धलेखन तपासतात, अहवाल आणि छायाचित्रे गोळा करतात, आणि सगळे झाल्यावर ‘आता कव्हरचे बघा’ असे छापखान्याला सांगतात. डीटीपी करणारा दोन-तीन नमुने दाखवतो, त्यांतला एक पसंत होतो. आता हे काम कॅन्व्हावर एखादा हौशी विद्यार्थी करतो, म्हणजे साधन बदलले. पण मुखपृष्ठ हे शेवटी चढवायचे तोरण आहे ही समजूत बदललेली नाही. कौशल्याधारित अभ्यासक्रमांमुळे विद्यार्थ्यांना ‘महाविद्यालयासाठी ब्रँडिंग करा’, ‘नियतकालिकाची दृश्य ओळख तयार करा’ असे प्रकल्प आता दिले जातात. तिथेही हाच क्रम चालतो. आधी रंग ठरतो, मग चिन्ह, आणि प्रकल्प-अहवालात ‘संकल्पना’ या मथळ्याखाली ते चिन्ह का निवडले याचे समर्थन मागाहून लिहिले जाते. निळा म्हणजे ज्ञान, हिरवा म्हणजे समृद्धी, वर्तुळ म्हणजे ऐक्य. ही संकल्पना नव्हे, ही पश्चात्-टीका आहे. आणि साहित्याच्या अभ्यासकांना तरी या दोहोंतला फरक सांगावा लागू नये.

संकल्पना म्हणजे वाचनातून आलेला निर्णय. हे कोणासाठी आहे, तो ते किती अंतरावरून आणि कोणत्या घाईत वाचणार आहे, त्याने काय ठरवावे अशी अपेक्षा आहे, आणि या सगळ्यांत सर्वांत मोठ्या अक्षरांचा मान कोणाला द्यायचा, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळतात आणि आकार नंतर येतो. हे पुस्तकातून शिकवणे अवघड आहे. पण पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगाव नावाचे एक गाव आहे, तिथे ते रस्त्याच्या कडेला शिकायला मिळते.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास, गावोगावच्या यात्रा-जत्रा सुरू होण्याआधी, राज्यातले नामांकित फड इथे आपापल्या राहुट्या थाटतात. राहुटी म्हणजे फडाची हंगामी कचेरी. गावोगावचे पंच, यात्रा समितीची मंडळी इथे येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, बोलणी होतात आणि सुपारी ठरते. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत यात्राच बंद राहिल्या, तेव्हा या फडांवर काय ओढवले हे वेगळे सांगायला नको. एरवी हा हंगाम म्हणजे फडांच्या वर्षभराच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि राहुटीबाहेरची पाटी हे त्या व्यवहाराचे पहिले वाक्य असते.

ही पाटी नीट वाचावी. ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ हे शब्द प्रत्येक पाटीवर असतात. ते सगळ्यांना समान, म्हणून ओळख पटवण्याच्या कामी निरुपयोगी. ओळख नावात आहे, आणि त्या नावाची घडण मोठी विलक्षण आहे. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’, ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे’. हा ‘सह’ कोणत्याही जाहिरात संस्थेने शोधलेला नाही. एका फडात दोन पिढ्या आहेत, जुन्या नावाची पुण्याई आणि नव्या नावाची उमेद एकत्र विकत मिळणार आहे, एवढे सगळे तो दोन अक्षरी शब्द सांगतो. पुढे गावाचे नाव: सातारकर, पुणेकर, सांगवीकर, नारायणगावकर. ज्या पंचांनी वीस वर्षांपूर्वी आईचा फड आपल्या गावात नेला होता, त्यांच्या मुलांना आज मुलाचा फड ओळखू यावा, यासाठी ही रचना आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात नाममुद्रेचा वारसा म्हणून जे शिकवले जाते, ते इथे रंगवलेल्या पाटीवर आणि आता फ्लेक्सवर आहे. फ्लेक्स आल्यापासून छायाचित्रांची दाटी फार झाली आणि अक्षरांची शान गेली, हे खरे. पण नावांचा क्रम आणि त्यांचे तोलणे अजून तेच आहे.

आणि मग एक नाव असे येते की तिथे मुखपृष्ठाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, मृत्यू २००२. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड; त्या परंपरेत वाढलेल्या विठाबाईंनी पुढे स्वतःच्या नावाचा फड उभा केला. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्या पुरस्काराच्या नावात ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर’ एवढेच शब्द आहेत. फडाच्या पाटीवर वडिलांचे नाव होते, जात होती आणि गाव होते. शासकीय नावात बिरुद आले, गाव राहिले, आणि मधले दोन शब्द गळाले. यामागे कोणाचा हेतू होता असा आरोप मला करायचा नाही. सुटसुटीतपणासाठीही असे होते. पण सुटसुटीतपणा ज्या शब्दांवरून कात्री फिरवतो, ते शब्द कोणते असतात, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला पडायलाच हवा. उद्या कोणी विठाबाईंवर विशेषांक काढला, तर मुखपृष्ठावर नाव कसे छापायचे? पूर्ण छापले तर एका फडाने स्वतः निवडलेल्या नावाचा मान राखला असे होईल, की जात ठळक केली असे होईल? शब्द एकाच आकाराचे असावेत की नाही? हे ठरवणे म्हणजेच ‘संकल्पना विकसित करणे’. उगवत्या सूर्यापाशी हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि मला वाटते, उगवत्या सूर्याच्या लोकप्रियतेचे हेही एक कारण आहे.

कारण आपल्या वार्षिकांना तमाशाची अडचण होते. स्नेहसंमेलनात लावणी चालते, मुखपृष्ठावर ती चालत नाही. चाललीच तर नऊवारीतल्या नर्तिकेची काळी छायाकृती म्हणून, म्हणजे चेहरा पुसून. घुंगरू, ढोलकी, पदर, एवढी तीन चिन्हे घेतली की लोककला झाली, अशी आपली समजूत आहे. नारायणगावच्या मुलांनी आपले गाव मुखपृष्ठावर आणावे असे म्हणताना मला हे मुळीच अभिप्रेत नाही. बिनचेहऱ्याची नर्तिका आणि पुस्तकातून उडणारा पक्षी एकाच माळेचे मणी आहेत. दोन्ही मजकूर न वाचता चिकटवता येतात. स्थानिक असणे ही संकल्पनेची हमी नव्हे. राहुटीकडून घ्यायचे ते घुंगरू नव्हे, नाव तोलण्याची रीत घ्यायची.

याच परिसरात दुसरा एक धडा आहे, आणि तो अभियंत्यांनी दिलेला आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या वाय आकाराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्यांची लांबी मोठी, म्हणून पृष्ठभागाला छिद्रे असली तरी चालते. तेव्हा बारीक तारांची जाळी ताणून बसवली, वारा आरपार जाऊ दिला, वजन आणि खर्च दोन्ही उतरले. गरज नेमकी वाचली की काय गाळता येईल हे कळते, आणि जे उरते त्याला आपोआप रूप येते. तालुक्यातल्या पत्रकांवर आणि स्मरणिकांवर या दुर्बिणीचे चित्र पुष्कळदा दिसते. तिच्यामागचा विचार मात्र क्वचित.

तो विचार वार्षिकाला लावून पाहू. समजा, अंकाचा विषय शेती आहे. नारायणगावचा टोमॅटो बाजार प्रसिद्ध आहे. क्रेटच्या थप्प्या, लिलाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती येणारी पट्टी. या पट्टीवर नग, वजन, भाव, मग हमाली, तोलाई अशा वजावटी, आणि खाली उरलेली रक्कम. ज्याच्या घरी पट्टी येते त्या मुलाला ती वाचायला शिकवावी लागत नाही. तो आधी खालचा आकडा पाहतो. अनुक्रमणिका पट्टीसारखी मांडली, लेखांपुढे पृष्ठांकांच्या जागी भाव आल्यासारखे आकडे उजवीकडे एका रेघेत उतरवले, तर वाचकाची नजर जशी पट्टीवर जाते तशी अंकावर जाईल, आणि आतल्या पडलेल्या भावाच्या कवितेला मांडणीतूनच जागा मिळेल. याला चित्र लागत नाही, रंग लागत नाही. आणि शेतीचा अंक नसेल तर हीच मांडणी निव्वळ चूष ठरेल, हेही लक्षात असावे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिकेच्या ब्राह्मी शिलालेखात यज्ञांतल्या दक्षिणेचे, गायींचे, घोड्यांचे, कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. त्या अंकचिन्हांचे देखणेपण पाहून ती मुखपृष्ठावर पेरण्याचा मोह होतो. पण तोही मुळात हिशोबच आहे, हे ज्याला दिसेल त्याच्याच हाती त्यांचा उपयोग होईल.

मराठीत या प्रकारची दृष्टी नवी नाही. ज्यांना आपण लघुनियतकालिकांची चळवळ म्हणून अभ्यासक्रमात शिकवतो, तिची सुरुवात ‘शब्द’सारख्या चक्रमुद्रित अंकापासून झाली, पैसे नव्हते, म्हणून जे रूप मिळाले तेच प्रतिष्ठित मासिकांच्या गुळगुळीतपणाला दिलेले उत्तर ठरले. त्यातले अरुण कोलटकर हे कवी आणि जाहिरात क्षेत्रातले नामवंत कलादिग्दर्शक, दोन्ही होते. आपण त्यांची कविता शिकवतो आणि पुस्तकाचे रूप वगळतो, जणू ते दुसऱ्याच कोणाचे काम होते. आणि फार दूर कशाला, मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे करणारे सुभाष अवचट हे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. नारायणगावच्या विद्यार्थ्याला मुखपृष्ठाची परंपरा परकी वाटण्याचे काही कारण नाही.

अक्षरांबद्दल थोडे. विद्यार्थी-प्रकल्पात इंग्रजी अक्षरवळण निवडायला तासन् तास जातात आणि देवनागरी जी मिळेल ती लावली जाते. संगणकावर वर्षानुवर्षे हाताशी असलेल्या पुष्कळ वळणांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी धाटणीचे येतात. मराठी शाळेत आपण गिरवलेले ‘ल’ आणि ‘श’ वेगळे. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून ही मराठी रूपे प्रमाण ठरवली, तरी मराठी विभागाच्याच अंकावर परका ‘ल’ दिसतो आणि कोणाला खटकत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल शाईने काढणाऱ्या डोळ्यांना हे का दिसू नये? आज मुक्त परवान्याची चांगली देवनागरी वळणे फुकट मिळतात, तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही. ज्यांच्याकडून शिकावे असे नाव हवे असेल तर कमल शेडगे आहेत. नाटकाचे नाव कागदावर कसे उभे राहिले की त्यातून नाटकाची जात कळते, हे त्यांच्या अक्षरांनी मराठी वाचकाला वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतून दाखवले.

तेव्हा सूचना साधी आहे. मुखपृष्ठाचे काम फेब्रुवारीतून काढून जुलै-ऑगस्टमध्ये आणावे, संपादक मंडळाच्या पहिल्या बैठकीत. ज्याला मांडणी करायची आहे त्याने आलेला मजकूर वाचावा आणि चित्र काढण्याआधी एक पान लिहावे: अंक कोणाचा, कोणासाठी, आणि सर्वांत मोठी अक्षरे कोणाची. ते पान मराठीच्या प्राध्यापकाने निबंधासारखे तपासावे, त्यावर भांडावे. विठाबाईंच्या नावाचा प्रश्न आला तर फडाच्या वारसांना जाऊन विचारावे. राहुट्या लागतात तेव्हा ते फार अवघड नसते. आणि श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे छापखान्याचे नाव न घालता त्या विद्यार्थ्याचे घालावे, पूर्ण नाव, तो स्वतः जसे लिहितो तसे.