रथ नवा, सारथी जुना

गेल्या वैशाखातील गोष्ट. गारखेड्यात आमच्या घरी नातवाच्या मोबाईलवरून चांगलेच रण माजले. फोन घेऊन सव्वा वर्षही झाले नव्हते. पैसे माझ्या निवृत्तिवेतनातले. एका रात्री कंपनीने नवी प्रणाली धाडली, ती त्यात उतरली, आणि दुसऱ्या दिवसापासून चित्रे अडखळू लागली. भूमितीच्या घनाकृती फिरवून दाखविणारा पाठ मध्येच थिजे, खेळ तर चालेचना, आणि फोन हाती धरवेना इतका तापे. मी जुन्या मास्तरी सवयीने निकाल आधी दिला. "खेळून खेळून यंत्र बिघडविलेस," असे म्हणून फोन कपाटात ठेवला व किल्ली जानव्याला बांधली. मुलगा परोपरीने सांगत होता, "आबा, काल रात्रीपर्यंत नीट चालत होता." ते मी ऐकून घेतले नाही.

पंधरा दिवसांनी सूनबाईंच्या आग्रहास्तव फोन घेऊन पैठण गेटला गेलो. पहिल्या दुकानदाराने त्यातील सर्व पुसून टाकले व दोनशे रुपये घेतले. गुण आला नाही. दुसऱ्या दुकानातील तरुण कारागिराने पडद्यावर एक ओळ काढून दाखविली. तीत ड्रायव्हरची तारीख होती, आणि ती फोन विकत घेण्याच्याही पूर्वीची! "काका, प्रणाली नवी आली, ड्रायव्हर जुनाच राहिला. पोराचा काही दोष नाही."

ड्रायव्हर म्हणजे सारथी, एवढे इंग्रजी मलाही येते. पण येथे त्याचे काम दुभाष्याचे आहे. फोनमध्ये चित्रे रेखण्याकरिता चिपेचा एक स्वतंत्र भाग असतो. खेळ किंवा पाठ त्याच्याशी थेट बोलत नाही. तो ओपनजीएल अथवा व्हल्कन या सर्वमान्य भाषांत आज्ञा देतो, आणि ड्रायव्हर त्या आज्ञा त्या विशिष्ट चिपेच्या बोलीत उतरवितो. दुभाषी जुना असला म्हणजे नव्या आज्ञा त्यास उमगत नाहीत, किंवा तो त्या लांबच्या वाटेने पार पाडतो. तो मुळीच नसला, तर रेखनाचे सारे ओझे मुख्य प्रक्रियकावर पडते. मग फोन तापावयाचा आणि चित्र रखडावयाचे, हे ओघानेच आले. कर्णाच्या रथाचे घोडे का वाईट होते? पण सारथी शल्य!

गोम अशी की हा दुभाषी बहुधा चिप करणारा घडवितो, प्रणाली दुसरा रचतो, आणि फोन विकणारा तिसराच असतो. ग्राहक पैसे मोजतो ते तिसऱ्याजवळ. पहिल्याने हात आखडला की काय होते, याचे जुने उदाहरण 'गॅलेक्सी नेक्सस' या फोनचे आहे. तो २०११ साली निघाला. त्याची चिप करणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१२ साली मोबाईलच्या चिपांचा धंदा सोडला, आणि २०१३ साली अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली तेव्हा हा फोन वगळला गेला. गूगलने कारण दिले ते अठरा महिन्यांची मुदत संपल्याचे. जाणत्यांनी मात्र बोट दाखविले ते चिपकर्त्याच्या माघारीकडे.

स्वस्त फोनांचेच हे भोग, असेही नव्हे. गूगलचाच पिक्सेल १० हा फोन ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे ७९,९९९ रुपयांस विक्रीस आला. त्यातील रेखनाचा भाग इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या इंग्रज कंपनीचा. तिची एक कचेरी आपल्या पुण्यातही आहे. खेळ मंद चालतात अशी ओरड झाली, आणि फोनसोबत जुना ड्रायव्हर दिला गेल्याचे लोकांनी शोधून काढले. पुढील मासिक सुधारणांतून तो सुधारीत आहोत, असे कंपनीस सांगावे लागले. म्हणजे घोडे विकले आज, आणि सारथी यावयाचा सवडीने.

कारागिरास मी विचारले, "तूच नवा घालून दे ना." तो हसला. ड्रायव्हर मुद्राबंद असतो. तो कसा लिहिला ते कंपनी दाखवीत नाही. कोणी हौशी मात्र बाहेरून तर्क करून नवा रचतात. रॉब क्लार्क नामक गृहस्थाने २०१२ साली क्वालकॉमच्या चिपांकरिता असे काम आरंभिले, त्याचे नाव फ्रीड्रीनो. लोकांचे बोलणे ऐकून व्याकरण बसवावे, तशातला हा उद्योग! मला त्याचे मोठे कौतुक वाटले. पण सामान्य गृहस्थाच्या फोनमध्ये तो आपोआप येत नाही.

घरी येऊन मी फोनचे खोके पुन्हा पाहिले. कॅमेऱ्याचे आकडे ठळक, बॅटरीचे ठळक. ड्रायव्हर किती वर्षे मिळेल, याविषयी एक अक्षर नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे मालाच्या गुणवत्तेतील उणीव हा दोषच होय. तो केवळ काच फुटल्यानेच होतो असे नाही. १९१५ या क्रमांकावर ग्राहकास तक्रार नोंदविता येते. मी ती नोंदविली, खरेदीची पावती, प्रणाली बदलल्याची तारीख आणि त्या ओळीचे छायाचित्र जोडून. कंपनीकडून "पुढील सुधारणेची वाट पाहावी" असे उत्तर आले आहे. वाट पाहात आहे.

फोन त्याच संध्याकाळी नातवास परत दिला. चूक माझी होती, हे चाळीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून सहजासहजी निघेना. शेवटी निघाले. तो म्हणाला, "आबा, ती किल्ली जानव्यावरून काढा आता, कपाटात माझे कंपासही अडकले आहे."